लायकेन प्लॅनसच्या पेशंटला पाण्याचे फोड: बुलस लायकेन प्लॅनस म्हणायचं की पेम्फिगॉइड्स?

पूर्वभाग_जीपी

त्वचारोगाच्या आणि पॅथॉलॉजीच्या मंडळींनी कृपया मार्ग दाखवावा. प्रश्न असा: फोड लायकेन प्लॅनसच्याच (खाजऱ्या, दाहाच्या चट्ट्यांचा आजार) जोरामुळे आलेत (बुलस), की त्याच्या जोडीला अँटिबॉडीमुळे फोड येणारा आजार (पेम्फिगॉइड्स) आहे?

बाई, वय ५२, वजन ५८ किलो, विड्या वळण्याचं काम. चार महिन्यांपासून दोन्ही मनगटं, घोटे, नडग्या आणि कमरेवर काळपट-जांभळे, सपाट माथ्याचे, प्रचंड खाजणारे पुरळ. घरच्यांनी नायटा समजून मेडिकलमधून आणलेली मिक्स क्रीम तीन आठवडे नडग्यांवर आणि मनगटांवर चोळली. तोंडात दोन्ही गालांच्या आतून पांढरी जाळी आहे, तिखट लागलं की झोंबतं, पण जखमा नाहीत. ओठ, डोळे, जननेंद्रियं ठीक.

गेले १२ दिवस नडग्यांवरच्या चट्ट्यांवर पाण्याचे फोड येताहेत. घट्ट, अर्धा ते दोन सेंटीमीटरचे, आत स्वच्छ पाणी. शिवाय उजव्या दंडावर दोन आणि मांडीच्या आतल्या बाजूला एक असे तीन फोड जिथे आधी काहीच नव्हतं तिथे आलेत. निकोल्स्की निगेटिव्ह (चोळल्यावर कातडी सुटत नाही). झँक स्मिअरमध्ये (फोडाच्या तळातून खरवडलेल्या नमुन्यात) अकँथोलिटिक, म्हणजे एकमेकींपासून सुटलेल्या, पेशी नाहीत.

औषधं: रक्तदाबासाठी एनालाप्रिल तीन वर्षांपासून, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि व्हिल्डाग्लिप्टिनची एकत्र गोळी आठ महिन्यांपासून. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१.

नडगीच्या चट्ट्यातून पंच बायोप्सी करून फॉर्मालिनमध्ये पाठवली. रिपोर्टचा सारांश, सगळ्या लायकेनच्या खुणा: हायपरग्रॅन्युलोसिस, करवतीसारख्या रीट रिजेस, पट्ट्यासारखा लिम्फोसाइटचा थर, बेसल (वरच्या कातडीच्या तळच्या) पेशींची झीज, मॅक्स जोसेफ स्पेस. खाली लिहिलंय 'बुलस लायकेन प्लॅनसशी सुसंगत'.

एवढ्यावर निदान पक्कं करू का? इम्युनोफ्लुरोसन्स (कातडीत अडकलेल्या अँटिबॉडी चमकवून पाहण्याची तपासणी) लागणार असेल तर तुकडा कुठून घ्यायचा आणि या उन्हात सोलापूरहून पुण्याला कसा पाठवायचा? खाजेने बाई रात्रभर झोपत नाहीत, तोवर प्रेडनिसोलोन सुरू केलं तर चालेल का?

रेल्वेलाइन्स_त्वचा

केस छान मांडलीत. अख्ख्या टिपणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य दंडावरच्या आणि मांडीवरच्या तीन फोडांचं आहे. त्या तीन फोडांमुळेच हे निदान अजून पक्कं म्हणता येत नाही.

बुलस लायकेन प्लॅनसमध्ये फोड जुन्या चट्ट्यावर येतो, फार तर त्याच्या कडेला. तिथे बेसल थराची झीज इतकी झालेली असते की वरची कातडी खालच्या थरापासून सुटते आणि मधल्या जागेत पाणी साचतं. म्हणजे मूळ आजारच तिथे जोरात पेटलेला असतो, नवीन अँटिबॉडी वगैरे काही नसते. लायकेन प्लॅनस पेम्फिगॉइड्सची गोष्ट निराळी. लायकेनच्या दाहात बेसमेंट मेंब्रेनचे (कातडीचे वरचे आणि खालचे थर जोडणाऱ्या पडद्याचे) घटक उघडे पडतात आणि शरीर बीपी १८० या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करू लागतं, असं मानलं जातं. अँटिबॉडी रक्तातून सगळीकडे पोचते, म्हणून चट्टा नसलेल्या कोऱ्या कातडीवरही फोड उठतो. लायकेन आधी आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फोड, हा तुमच्या पेशंटमधला क्रमही त्यालाच धरून आहे.

तरी फक्त जागेवरून ठरवू नका. कोऱ्या कातडीवर म्हणताना तिथे बारीक, न दिसलेला पुरळ नव्हता ना हे पाहावं लागतं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लायकेनचा जांभळा रंग पुस्तकातल्या फोटोसारखा सहसा दिसत नाही, तो पाटीच्या दगडासारखा राखाडी-तपकिरी दिसतो आणि सहज निसटतो. दंडावरच्या फोडाभोवती तेलाचा थेंब टाकून डर्मोस्कोपने (त्वचेच्या भिंगाने) बघा. लायकेनची खूण असलेल्या विकहॅमच्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर तो फोड कोऱ्या कातडीवरचा नाही. खाजवल्याच्या रेघेतही लायकेन उमटतो, तेव्हा ओरखडे कुठे आहेत तेही टिपून ठेवा.

प्रेडनिसोलोन आत्ता नको. खाजेसाठी रात्री अँटिहिस्टामिन द्या. तुकडे आणि रक्त घेऊन झालं की त्याच संध्याकाळी उपचार सुरू करता येतील. दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. आधी स्टिरॉइड पोटात गेलं तर इम्युनोफ्लुरोसन्स खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, आणि मग बाई वर्षभर चुकीच्या नावाखाली औषध घेत बसतात.

स्लाइड_पाहणारा

पॅथॉलॉजीच्या बाजूने. रिपोर्ट चुकीचा नाही, पण त्यातून काढलेला अर्थ जास्त ओढलेला आहे. मॅक्स जोसेफ स्पेस म्हणजे एपिडर्मिस (वरची कातडी) आणि डर्मिसच्या (तिच्याखालचा थर) मधली बारीक फट. साध्या, फोड नसलेल्या लायकेन प्लॅनसमध्येही ती दिसते, कारण झिजलेला बेसल थर तुकडा कापताना आणि प्रोसेसिंगमध्ये सहज सुटतो. शिवाय तुमचा तुकडा चट्ट्यातला आहे, फोडातला नाही. चट्ट्यात लायकेन आहे एवढंच त्यावरून कळलं, आणि ते तर बघूनच कळत होतं.

फॉर्मालिनसाठी आणखी एक तुकडा लागेल, आणि तो दंडावरच्या फोडाचा हवा. २४ ते ४८ तासांच्या आतला ताजा फोड निवडा. जुन्या फोडाच्या तळाशी नवी एपिडर्मिस सरकायला लागते आणि सबएपिडर्मल (एपिडर्मिसखालचा) फोड इंट्राएपिडर्मल (तिच्या आतला) वाटू लागतो, हा फसवा प्रकार नेहमीचा आहे. फोड ४ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर अख्खा पंचमध्ये घ्या. मोठा असेल तर कडेचा असा तुकडा घ्या की त्यात थोडा फोड आणि जास्त शाबूत कातडी येईल. पंच फोडावर जोरात फिरवला तर छत वेगळं आणि तळ वेगळा होऊन डबीत दोन चिंधड्या पडतात. म्हणून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, किंवा सरळ १५ नंबरच्या ब्लेडने छोटा लंबगोल तुकडा काढा. चिमट्याने मधोमध धरू नका, कडेच्या चरबीला धरून उचला. १० टक्के बफर्ड फॉर्मालिन तुकड्याच्या किमान दहा पट.

आता स्लाइडवर काय शोधायचं ते. बुलस लायकेनमध्ये फोडाच्या खालीही तोच लिम्फोसाइटचा दाट पट्टा असतो, सिव्हाट बॉडी (मेलेल्या पेशींचे गोळे) असतात, इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जवळपास नसतात. पेम्फिगॉइड्समध्ये कोऱ्या कातडीवरच्या फोडाखाली पट्टा नसतो किंवा विरळ असतो, आणि फोडाच्या पाण्यात व वरच्या डर्मिसमध्ये इओसिनोफिल सापडतात. एक अडचण आहे. इओसिनोफिल औषधाने आलेल्या लायकेनॉइड पुरळातही असतात. म्हणून माझ्या टेबलावर हा प्रश्न निम्माच सुटतो.

विनंतीपत्रावर 'त्वचेचा तुकडा' एवढंच लिहू नका. फोड किती तासांचा, चट्ट्यावरचा की कोऱ्या कातडीवरचा, कोणती क्रीम लावली, कोणत्या गोळ्या चालू, हे लिहिलंत तर रिपोर्टमध्ये 'सुसंगत'च्या पुढचं काहीतरी मिळेल.

डीआयएफ_बेंच

इम्युनोफ्लुरोसन्सचं काम रोज करतो, त्यामुळे तुकडे कुठे बिघडतात ते सविस्तर लिहितो. निदान बहुधा इथेच हरवतं.

जागा: फोडाचा तुकडा नको. फोडाच्या कडेपासून १ सेंटीमीटरच्या आतली, दिसायला चांगली कातडी, ३ ते ४ मिलिमीटरचा पंच. फोडाच्या आत दाहामुळे आयजीजी (अँटिबॉडी) आणि सी३ (कॉम्प्लिमेंट प्रथिन) खाल्ले जातात आणि काही उरत नाही. पायाच्या खालच्या भागातून घेतलेल्या तुकड्यात पेम्फिगॉइड असूनही निगेटिव्ह येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून नडगी टाळा. तुमच्या पेशंटचा दंड त्यासाठी उत्तम. लायकेनच्या चट्ट्यातूनही तुकडा घेऊ नका. तिथे फायब्रिनोजेन आणि आयजीएम इतकं भरलेलं असतं की रेघ दिसायची अडचण होते.

क्रम: आधी इम्युनोफ्लुरोसन्सचा तुकडा घ्या, नंतर फॉर्मालिनचा. उलटं केलं की फॉर्मालिनच्या डबीत बुडालेला चिमटा दुसऱ्या तुकड्याला लागतो. तेवढ्यानेही तुकडा वाया जाऊ शकतो. चिमटे दोन वेगळे ठेवा, आणि दोन्ही डब्यांवर नावाबरोबर काय आहे ते ठळक लिहा. पट्टी बांधणाऱ्या सिस्टरने सवयीने दोन्ही डब्यांत फॉर्मालिन ओतलं, असं अनेक ठिकाणी होतं.

द्रव: मायकेल (Michel) मीडियम, म्हणजे तुकडा न गोठवता पाठवण्याचा द्रव, तुकडा पूर्ण बुडेल इतकं, ३ ते ५ मिलिलिटर. त्याचा पीएच ७ ते ७.२ असावा लागतो. गढूळ झालेली किंवा मुदत उलटलेली बाटली वापरू नका. तपासणीच्या लॅबला आधी फोन केला तर बहुतेक जण मीडियमची कुपी पाठवतात. मीडियममध्ये तुकडा खोलीच्या तापमानाला काही दिवस टिकतो. मीडियम मिळालंच नाही तर साधं नॉर्मल सलाईन चालतं, पण मग तुकडा २४ तासांच्या आत लॅबच्या हातात पडला पाहिजे. डिस्टिल्ड वॉटर, स्पिरिट, बीटाडीनने भिजलेला गॉज, यांतलं काहीही नको.

उन्हाचं: एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो आणि खोलीचं तापमान म्हणजे कुरिअरवाल्याच्या डिकीतलं तापमान नव्हे. डबी थर्मासमध्ये ठेवा, शेजारी फ्रिजमधला थंड जेल पॅक कापडात गुंडाळून. बर्फाला थेट टेकवू नका आणि डीप फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका. मीडियममध्ये गोठला की बर्फाचे कण कातडीला फाडतात. सोलापूर-पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, सकाळच्या गाडीने जाणाऱ्या माणसाच्या हाती दिलं तर त्याच दिवशी पोचतं. शुक्रवारी-शनिवारी तुकडा काढू नका, रविवारी तो लॅबच्या बंद दाराशी पडून राहतो.

रक्त: लाल टोपीच्या ट्यूबमध्ये ५ मिलिलिटर. अर्धा तास गोठू द्या, फिरवून सीरम वेगळं करा, २ ते ८ अंशांत ठेवून पाठवा. त्यावर सॉल्ट स्प्लिट स्किनवरचं इनडायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स आणि बीपी १८० एनसी१६ए एलायझा (रक्तातल्या त्या अँटिबॉडीचं प्रमाण) मागवा, जमल्यास बीपी २३० सुद्धा.

पूर्वभाग_जीपी

फार उपयोग झाला, सर्वांचे आभार. दोन शंका. मिक्स क्रीममध्ये क्लोबेटासोल होतं, त्याचा परिणाम होईल का? आणि रिपोर्ट आला की त्यात नेमकं काय वाचायचं?

डीआयएफ_बेंच

क्रीम नडग्यांवर आणि मनगटांवर लावली होती, दंडावर नाही. म्हणून दंडाचा तुकडा घ्या आणि काळजी सोडा.

रिपोर्टमध्ये शब्द 'लिनिअर' आहे की 'शॅगी' ते आधी पाहा. फायब्रिनोजेन बेसमेंट मेंब्रेनवर शॅगी, म्हणजे दोऱ्याच्या सुटलेल्या तंतूंसारखं, आणि डर्मिसच्या वरच्या भागात गोळ्यांवर (सायटॉइड बॉडी) आयजीएम: हा साध्या लायकेनचा नमुना. बुलस लायकेनमध्येही हाच मिळतो, बाकी काही नाही. त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला आयजीजी आणि सी३ ची सलग बारीक रेघ असेल तर ते पेम्फिगॉइड्स. 'बेसमेंट मेंब्रेनवर पॉझिटिव्ह' एवढंच लिहून आलं असेल तर लॅबला फोन करून विचारा की काय पॉझिटिव्ह. फायब्रिनोजेनची झालर बघून पेम्फिगॉइड ठरवल्याच्या चुका होतात.

सॉल्ट स्प्लिटमध्ये कातडी १ मोलर मिठाच्या पाण्यात ठेवून कृत्रिम फट पाडतात. आयजीजी छतावर चमकली तर बीपी १८० किंवा बीपी २३०. तळावर चमकली तर एपिडर्मोलायसिस बुलोसा अक्विझिटा (ईबीए, फोडांचा वेगळा आजार) किंवा लॅमिनिन ३३२ विरुद्धच्या अँटिबॉडीच्या दिशेने विचार करावा लागतो, आणि उपचार बराच बदलतो.

एलायझाचा आकडा वाचताना शेजारी छापलेली त्या किटची मर्यादा बघा. एका किटमध्ये ९ च्या वर पॉझिटिव्ह, दुसऱ्यात २० च्या वर. एकाचा १५ आणि दुसऱ्याचा १५ सारखे नाहीत. पुढे तपासणी परत करताना तीच लॅब, तेच किट.

रेल्वेलाइन्स_त्वचा

आणखी एक आजार मनातून काढू नका: पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगस (शरीरातल्या गाठीबरोबर येणारा फोडांचा आजार). त्यातही लायकेनसारखे चट्टे आणि फोड एकत्र येतात. पण तोंड भयंकर सोललेलं असतं, ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या असतात, वजन उतरतं. तुमच्या पेशंटच्या तोंडात फक्त जाळी आहे म्हणून आत्ता सीटी स्कॅनच्या मागे लागू नका. तोंड बिघडायला लागलं तर मात्र थांबू नका, लिम्फोमा, कॅसलमन, थायमोमा शोधावे लागतात.

तंबाखू खात असतील तर चिमूट कुठे धरतात तेही विचारा. फक्त तेवढ्याच जागी पांढरं असेल तर तो लायकेन नसून चुन्या-तंबाखूचा चट्टा असू शकतो. दोन्ही गालांवर सारखी जाळी असेल तर लायकेन.

मेडिसिन_ओपीडी

औषधांकडे अजून कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. या यादीत दोन संशयित आहेत आणि दोन्ही खरे संशयित आहेत.

ग्लिप्टिन गटामुळे (मधुमेहाच्या गोळ्यांचा गट) बुलस पेम्फिगॉइड, म्हणजे अशाच अँटिबॉडीमुळे येणाऱ्या फोडांचा आजार, होतो हे आता पक्कं आहे आणि त्यात व्हिल्डाग्लिप्टिनचं नाव वारंवार येतं. लगेच होत नाही. काही महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर होतो, म्हणून पेशंट आणि डॉक्टर दोघंही 'ही गोळी तर जुनीच आहे' म्हणून सोडून देतात. इथे आठ महिने झालेत, वेळ जुळते. एनालाप्रिल आणि त्या गटातल्या इतर गोळ्यांनी लायकेनॉइड पुरळही येतो आणि लायकेन प्लॅनस पेम्फिगॉइड्सच्या केसेसही नोंदलेल्या आहेत.

रिपोर्टची वाट न पाहता व्हिल्डाग्लिप्टिन बंद करावं असं माझं मत आहे. साखरेसाठी पर्याय आहेत, तोटा काही नाही. फक्त दुसरी ग्लिप्टिन देऊ नका, सिटाग्लिप्टिन किंवा लिनाग्लिप्टिन म्हणजे त्याच घरातली दुसरी खोली. एनालाप्रिलच्या जागी ॲम्लोडिपिन द्यायला हरकत नाही, पण एका दिवशी बंद आणि पुढच्या आठवड्यात सुरू असं नको, त्याच दिवशी बदला. लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर मात्र एनालाप्रिल किडनीसाठीही चालू असू शकतं. ते आधी तपासा.

तुकडे आणि रक्त घेतानाच पुढच्या उपचारांची पूर्वतयारी करून टाका: सीबीसी, लिव्हर, क्रिॲटिनिन, एचबीएसएजी, अँटि-एचसीव्ही, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, शौच तपासणी आणि जी६पीडी. शेवटची डॅप्सोनसाठी, हे एन्झाइम कमी असेल तर त्या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. ती राहून जाते आणि नंतर आठवडा वाया जातो.

रेल्वेलाइन्स_त्वचा

सरांच्या म्हणण्यात एक भर. दोन्ही औषधं एकाच दिवशी बदलली तर नेमकं कोणामुळे झालं ते कळणार नाही हे खरं, पण ५२ व्या वर्षी फोड येणाऱ्या पेशंटमध्ये त्या शोधापेक्षा दोन्ही बाजूला ठेवणं मी पसंत करीन. दोन्हींची नावं पेशंटच्या कार्डावर लाल शाईने लिहा, म्हणजे पुढच्या दवाखान्यात कोणी परत देणार नाही.

पूर्वभाग_जीपी

रिपोर्ट आले, इथेच नोंदवतो.

दंडाच्या ताज्या फोडाचा तुकडा: सबएपिडर्मल फोड, आत इओसिनोफिल, खाली विरळ लिम्फोसाइट, लायकेनचा पट्टा नाही. डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स: बेसमेंट मेंब्रेनवर आयजीजी आणि सी३ लिनिअर, एन-सेरेटेड (n अक्षरासारख्या कमानींची रेघ). सोबत सायटॉइड बॉडीवर थोडं आयजीएम. सॉल्ट स्प्लिट: छतावर आयजीजी. बीपी १८० एलायझा ८४, किटची मर्यादा २०. बीपी २३० निगेटिव्ह. कावीळ ब आणि क, एचआयव्ही निगेटिव्ह. जी६पीडी नॉर्मल. लघवीत अल्ब्युमिन नाही, दोन्ही औषधं बदलली. नवे फोड रोज दोन-तीन.

रेल्वेलाइन्स_त्वचा

लायकेन प्लॅनस पेम्फिगॉइड्स. आता शंका नाही. एन-सेरेटेड नमुना आणि छतावरची आयजीजी एकमेकांना दुजोरा देतात, ईबीए बाजूला पडला.

फोड मर्यादित आहेत आणि एचबीएवनसी ८ च्या वर आहे, म्हणून सुरुवात क्लोबेटासोल ०.०५ टक्के, दिवसातून दोनदा, चट्ट्यांवर आणि फोडांच्या भोवती, जोडीला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा. डॉक्सीची गोळी भरपूर पाण्याबरोबर, लगेच आडवं व्हायचं नाही, आणि उन्हात जाताना हात झाकून. दहा दिवसांत नवे फोड थांबले नाहीत तर प्रेडनिसोलोन ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे त्यांना ३० मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर. त्या वेळी साखर घरी रोज तपासावी लागेल, संध्याकाळची जास्त चढते, फक्त उपाशीपोटीची पाहून फसू नका. डॅप्सोन ५० मिलिग्रॅम हा पुढचा पर्याय. सुरू केल्यावर पहिला महिना दर आठवड्याला हिमोग्लोबिन. आणि लक्षात ठेवा, डॅप्सोनवर एचबीएवनसी खोटं कमी दिसतं, साखर उतरली असं वाटेल.

मोठे फोड निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून पाणी काढा, छत तसंच राहू द्या, त्यासारखी पट्टी दुसरी नाही. ओल्या जागी पोटॅशियम परमँगनेटच्या पट्ट्या, १:१०,०००, फिकट गुलाबी रंग. खडे पूर्ण विरघळले नाहीत तर कातडी भाजते, म्हणून पाणी गाळून घ्यायला सांगा.

फोड उठले की रोज संध्याकाळी मोजून वहीत लिहायला घरच्यांना सांगा. डोस कमी करायचा की वाढवायचा ते एलायझापेक्षा ती वही लवकर सांगते. एलायझा तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये.

पूर्वभाग_जीपी

वही आजपासून. टाके दंडाचे १२ व्या दिवशी काढतो. तोंड दर भेटीत बघेन. दहा दिवसांनी फोडांचे आकडे इथे टाकतो.